अंगण वाकडेच आहे!

— बी. ए. अंतिम वर्ष (मानसशास्त्र)

"नाचता येईना, अंगण वाकडे" ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. स्वतःला येत नाही म्हणून अंगणाला दोष देणाऱ्या माणसाची ती थट्टा आहे. म्हणी सहसा खोट्या ठरत नाहीत असे आपण मानतो. पण गेली दोन वर्षे मी या एका म्हणीशी भांडतो आहे, आणि हे भांडण आज वार्षिकांकाच्या पानांवरून विद्यार्थी मित्र आणि प्राध्यापक वर्ग यांच्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ज्यांना नाचता येत नाही त्यांच्यापैकी बहुतेकांचे अंगण खरोखरच वाकडे असते. आणि ते वाकडे आपणच करून ठेवलेले असते.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. सहावीत असताना प्रजासत्ताक दिनासाठी लेझीमचे पथक निवडले जात होते. 'चार आवाज' जमला, 'एक जगह' कसेबसे जमले आणि 'आदि लगाव'ला माझा पाय चुकला. गुरुजींनी मला रांगेतून बाहेर काढले. "याच्या अंगात तालच नाही," एवढेच ते म्हणाले आणि पथकाच्या चपला राखण्याचे काम माझ्याकडे आले. गुरुजींवर माझा राग नाही. लेझमी थोड्या आणि पोरे फार. त्यांनी तरी काय करावे? पण ते वाक्य मी पुढे दहा वर्षे जन्मखुणेसारखे अंगावर बाळगले. वरातीत मी बाजूला उभा राहिलो, गणपतीच्या मिरवणुकीत गाडी ढकलली, स्नेहसंमेलनात पडदा ओढला. नाचणारे वेगळे आणि बघणारे वेगळे, ही वाटणी मी मुकाट्याने मान्य केली होती. वाचकांपैकी कितीजणांनी ती अशीच मान्य केली आहे, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

ही वाटणी मोडली ती आमच्या आबांमुळे.

माझे आजोबा जन्माचे वारकरी. शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीची पावली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी वेगळे सांगायला नको. पांढऱ्या कपड्यांतले वारकरी टाळमृदंगाच्या ठेक्यावर एकाच वेळी पुढे येतात, मागे सरतात, वाकतात, वळतात. आबा तरुणपणी अशाच पावलीत रमलेले. सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला, चाल आखूड झाली, चेहरा ठोकळ्यासारखा दिसू लागला. डॉक्टरांनी पार्किन्सनचे निदान केले. आपल्याकडचे जुने वैद्य ज्याला कंपवात म्हणतात तोच हा आजार. हळूहळू असे होऊ लागले की उंबरठ्याशी आले की आबांचे पाय जमिनीला खिळून जात. "पाय उचलूनच नाही राह्यला रे," ते म्हणत. आम्ही हात धरून ओढायचो, तर तोल जायचा.

अशात एका वर्षी परतीची पालखी मेहकरला आली तेव्हा आम्ही त्यांना दर्शनाला नेले. गाडीतून उतरताना ज्यांना दोघांनी धरावे लागले, ते आबा टाळांचा आवाज कानी पडताच चालू लागले. नुसते चालू लागले नाहीत, तर पावली टाकू लागले! चारपाच मिनिटे त्यांच्या पायांत आजार नव्हताच. घरी परतल्यावर पुन्हा उंबरठ्याशी पाय खिळले. त्या रात्री मी त्यांना म्हणालो, "आबा, तिथं तर नाचत होते, आन् इथं ढोंग करता का?" आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणेच सोडले.

हे वाक्य छापण्याची मला लाज वाटते. पण ते लिहिल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पुढे मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी मेंदूवरचे वाचन करावे लागले, आणि त्यात एके दिवशी आमचे आबाच सापडले. आपल्या मेंदूच्या तळाशी बेसल गँग्लिया नावाचा पेशींचा समूह आहे. चालणे, उठणे, वळणे अशा सवयीच्या हालचाली आपोआप सुरू करण्याचे आणि एकीमागून एक लावून देण्याचे काम तो पाहतो. त्याला डोपामिन नावाचे रसायन लागते आणि पार्किन्सनच्या आजारात नेमका त्याचाच पुरवठा आटतो. मग पाय धडधाकट असूनही 'चल' हा हुकूम आतून निघत नाही. पण बाहेरून ताल आला की मेंदूला दुसरी वाट मिळते. कानाकडून आलेला ठेका हालचालींची आखणी करणाऱ्या भागांकडे आणि लहान मेंदूकडे जातो आणि अडलेला पाय पुढे पडतो. जमिनीवर आखलेल्या आडव्या रेघाही काहींना असाच आधार देतात. म्हणजे मेहकरच्या रस्त्यावर आबांनी जे केले ते ढोंग नव्हते आणि चमत्कारही नव्हता. टाळांनी त्यांना ती वाट दाखवली होती आणि घरी ती दाखवणारे कोणी नव्हते.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 साली पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार यांनी 2010 च्या सुमारास पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांना नृत्य शिकवायला सुरुवात केली. हे वाचले तेव्हा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. ब्रुकलिन दूर, पुणेही आमच्या आबांसाठी दूरच. पण पावली तर आमच्या दारातली! ती आम्ही देवासाठी राखून ठेवली आणि माणसासाठी वापरायचे आमच्या ध्यानातच आले नाही.

आता "अंगात ताल नाही" या वाक्याकडे वळू. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दोनतीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला गेला. मधूनच पहिली मात्रा, म्हणजे आपली सम, गाळली, तेव्हा त्या बाळांच्या मेंदूने ती चूक टिपली. ज्या जीवाला आपले नाव ठाऊक नाही, त्याला सम चुकल्याचे कळते! त्याआधी 2005 साली कॅनडातील संशोधकांनी सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकवताना काहींना दर दोन मात्रांना आणि काहींना दर तीन मात्रांना हातांवर झुलवले. पुढे ज्या बाळाला जसे झुलवले होते तसाच ठेका त्याला अधिक आवडू लागला. आपल्या आज्या मांडीवर नातवंडे नाचवतात तेव्हा त्या त्यांना ताल ऐकायला शिकवीत असतात, असाच याचा अर्थ. ज्यांना ताल मुळीच कळत नाही अशी माणसे असतात, पण ती फार विरळा. बाकीचे आम्ही सारे ताल घेऊनच जन्मलो. आम्हाला रांगेतून नंतर काढले गेले.

मग नाच शिकवताना नेमके चुकते कोठे? मेंदूविज्ञानाने हालचालीच्या शिक्षणाबद्दल जे सांगितले आहे त्यातले आपल्या उपयोगाचे मी येथे साध्या भाषेत मांडतो.

पहिले म्हणजे, मेंदूची चालू कामाची पाटी लहान असते. एका वेळी तीनचार नव्या गोष्टींपेक्षा अधिक त्या पाटीवर मावत नाहीत. आपण मात्र सोळा मात्रांचा तुकडा एकदम करून दाखवतो आणि म्हणतो, "आता करा." त्यात चारचौघांसमोर हसे होण्याची भीती असली की ती लहान पाटीही भीतीच भरून टाकते.

दुसरे, शरीराची स्मरणशक्ती वेगळी असते. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूवर 1953 साली शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवी घटना त्याच्या लक्षात राहीनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सरावला. पण दर दिवशी त्याला वाटे की हे काम आपण आयुष्यात पहिल्यांदाच करीत आहोत. तेव्हा "माझ्या काही लक्षात राहत नाही" म्हणणाऱ्या म्हातारीलाही पाऊल शिकवता येईल, अशी आशा ठेवायला जागा आहे.

तिसरे, सराव एका दमात करण्यापेक्षा थोडा थोडा, मध्ये रात्रीची झोप ठेवून केला तर अधिक मुरतो, कारण शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. आणि चौथे, हात-गुडघ्याकडे लक्ष द्यायला सांगण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष वेधले तर शरीर लवकर शिकते. "कोपर सरळ कर" म्हटले की पोरगा आखडतो. "लेझीम आभाळाला लाव" म्हटले की कोपर आपोआप सरळ होते.

हे सारे पुस्तकातले. ते खरे की खोटे हे पाहण्याची संधी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मिळाली. चिखली तालुक्यातल्याच एका खेड्यात आमचा सात दिवसांचा मुक्काम होता. दिवसभर श्रमदान आणि रात्री बौद्धिक. संध्याकाळचा एक तास मी मागून घेतला आणि मारुतीच्या पारासमोर लेझीम मांडली. शिकवणारा कोण, तर ज्याच्या अंगात ताल नाही तो! मित्र पोट धरून हसले.

मी रांगा केल्या नाहीत, गोल केला. गोलात शेवटची रांग नसते, त्यामुळे लपायलाही जागा नसते आणि हाकलायलाही. पहिल्या दिवशी कोणाच्या हातात लेझीम दिलीच नाही. हलगीवर नुसते डोलायचे आणि टाळी द्यायची. दुसऱ्या दिवशी चारच मात्रा. रोज सकाळी श्रमदानाला निघण्यापूर्वी कालचे दोनदा करायचे. चौथ्या दिवसापासून तिन्ही प्रकार उलटसुलट क्रमाने मिसळून घेतले. त्या संध्याकाळी सगळेच चुकले, आणि दुसऱ्या सकाळी बहुतेकांना आले. क्रम बदलत सराव केला तर त्या वेळी तो वाईट दिसतो पण पुढे अधिक टिकतो, असे 1979 सालीच शी आणि मॉर्गन या संशोधकांनी दाखवले होते. पारासमोर उभा राहून ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहताना मात्र मला ते नव्यानेच कळल्यासारखे वाटले.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. तीन दिवस एकही बाई आली नाही. मग आमच्या वर्गातल्या मुलींनी शाळेच्या मागच्या अंगणात फुगडी आणि टिपऱ्या मांडल्या, तेव्हा आज्या आल्या आणि त्यांच्यामागून सुना आल्या. पाराच्या गोलात त्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. पायांनी अधू असलेल्या एका गृहस्थांना मी उभे राहण्याचा आग्रह केला, त्यांनी मलाच सुनावले, "पाय नसले तरी हात हायेत ना रे बाप्पा!" आणि पारावर बसून त्यांनी असा ठेका धरला की सारा गोल त्यांच्यावर चालू लागला. कोणी कोठून सुरुवात करावी हे शिकवणाऱ्याने ठरवायचे नसते, हा धडा त्यांनी मला दिला.

सहा वर्षांच्या पोरीपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत एका गोलात माणसे फिरली. प्रत्येकाची अडचण वेगळी होती. लहान मुलाला ताल कळतो पण शरीर तंतोतंत ऐकत नाही, म्हणून त्याला खेळ हवा, अचूकपणा नको. आमच्या वयात शरीर ऐकते पण लोकांच्या नजरा बोचतात, म्हणून आम्हाला गोल हवा. म्हाताऱ्यांना तोलाची धास्ती असते, म्हणून त्यांना धरायला खांदा किंवा बसायला खुर्ची हवी. लेझीम एकच, वाटा तीन.

आता आक्षेप. प्राध्यापक मंडळी विचारतील, यात विज्ञान किती आणि उत्साह किती? प्रश्न रास्त आहे. मेंदूचे नाव घेऊन वाटेल ते विकणारे आज पुष्कळ आहेत. डावा मेंदू हिशेबाचा आणि उजवा कलेचा, ही शाळाशाळांतून सांगितली जाणारी गोष्ट तर इतक्या सोप्या रूपात खरी नाहीच. नाचताना दोन्ही बाजूंचे अनेक भाग एकत्र काम करतात. न्यूयॉर्कमध्ये 75 वर्षांवरील 469 माणसांचा सरासरी पाच वर्षे अभ्यास झाला आणि तो 2003 साली प्रसिद्ध झाला. शारीरिक छंदांपैकी एकट्या नृत्याचाच स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध आढळला, हे त्यातले वाक्य फार गाजले. पण ज्यांची स्मृती ढासळू लागली होती त्यांनीच नाच आधी सोडला असेल, अशीही शक्यता त्यात उरते. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे ज्येष्ठांच्या एका गटाला दीड वर्ष सतत नवनवे नाच शिकवले आणि दुसऱ्याकडून ठराविक व्यायाम करून घेतला. 2017 साली त्याचे निष्कर्ष आले. स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात दोन्ही गटांत वाढ दिसली, पण तोल सुधारला तो नाचणाऱ्यांचाच. मात्र दोन्ही गट मिळून माणसे तीसही नव्हती. तेव्हा नाचाने आजार बरा होतो असे मी म्हणत नाही. आबांच्या गोळ्या चालू आहेत, त्या चालू राहतील, आणि आजारही त्याच्या वाटेने चालला आहे. माझा दावा एवढाच की नाच सर्वांना शिकवता येतो आणि शिकवण्याची रीत बदलली तर शिकणारा बदलतो.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येईल. सगळ्यांनीच नाचायचे म्हटल्यावर कलेचा दर्जा काय राहील? यावर माझे उत्तर असे. लंडनमध्ये 2005 साली बॅले नर्तकांना आणि कापोइरा या ब्राझिलियन प्रकाराच्या नर्तकांना दोन्ही नाच दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. जो नाच आपण स्वतः शिकलो आहोत तो पाहताना त्यांच्या मेंदूतले हालचालीचे भाग अधिक जागे होत. म्हणजे नाचलेला माणूस नाच पाहतो तेव्हा अंगानेही पाहतो. चिखलीत उद्या एखादा थोर नर्तक आला तर त्याला जाणते प्रेक्षक कोठून मिळणार? शिट्ट्या मारणारे पुष्कळ आहेत. सम ओळखून मान डोलवणारे हवे असतील तर आधी त्यांना चार पावले टाकू दिली पाहिजेत. गाणे शिकलेला प्रत्येकजण गवई होत नाही, पण तो चांगला श्रोता होतो. मग नाचाला निराळा न्याय का?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच खरा आहे: "चांगल्या घरची पोरे नाचत नाहीत." गंमत अशी की हेच लोक वरातीत सर्वांत पुढे असतात! पावलीला आपण भक्ती म्हणतो, लेझीमला कवायत म्हणतो, फुगडीला खेळ म्हणतो. नाच म्हणायला तेवढे लाजतो. नाव काहीही द्या, पण पायाला त्याचा हक्क द्या.

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. आठवड्यातून एकदा, शेवटच्या तासानंतर, महाविद्यालयाच्या मैदानावर अर्ध्या तासाचा गोल भरावा. त्यात निवडचाचणी नसावी, बक्षीस नसावे, प्राध्यापक आणि शिपाईकाका यांच्यासह कोणालाही यावेसे वाटले तर यावे. स्नेहसंमेलनात निवडक कलाकारांचे नृत्य अवश्य व्हावे, ते आमचे भूषण आहे. पण शेवटचा एक कार्यक्रम असा असावा की ज्यात बघणारा कोणी उरणार नाही. आणि सेवा योजनेच्या शिबिरात खड्डे खणण्याबरोबर गावातल्या म्हाताऱ्यांसाठी एक तास राखून ठेवावा. खर्च एका हलगीचा.

आबांचे सांगून संपवतो. एके दिवशी मी त्यांच्यापुढे बसून त्या रात्रीच्या बोलण्याची माफी मागितली आणि मेंदूतल्या दोन वाटांची गोष्ट त्यांना सांगितली. सारे ऐकून ते म्हणाले, "म्हंजे मी लबाड नव्हतो म्हन!" इतकी वर्षे त्यांना स्वतःलाच ती शंका होती.

आता सकाळी मी पितळी ताटलीवर बोटांनी 'ग्यानबा-तुकाराम'चा ठेका धरतो. आबा उंबरठ्याशी थांबतात, ऐकतात, जागच्या जागी एकदा डोलतात आणि पाऊल टाकतात. काही दिवशी जमते, काही दिवशी जमत नाही. जमले की आम्ही दोघे अंगणात उतरतो आणि तुळशीपर्यंत जाऊन परत येतो. त्यांच्याबरोबर चालताना एकदा माझे पाऊल चुकले, तेव्हा ते थांबले आणि मला म्हणाले, "राहू दे. फिरून घे."

सहावीत असताना मला एवढेच ऐकायचे होते.